बुडवून चालवायची लॉरी

फहाहील, कुवेत
जून १९५४

मानाचे अकबर मामू आणि फखरुन्निसा मामी,

भाचा कमाल याचा दोघांना अदबीने सलाम. मामींच्या गुडघ्यांना आता आराम पडला असेल आणि मामूंचा खोकला विडीबरोबरच सुटला असेल अशी उमेद धरतो (विडी सुटली नसेल तर मामींनी मला गुपचूप कळवावं). इकडे सगळ्यांची खैरियत आहे. सुगरा पोचल्याची तार तुम्हाला मिळालीच असेल. पण 'पोचली' या एका शब्दात तारेने जे उरकलं ते सविस्तर लिहिणं मला भाग आहे, कारण इथल्या शेजारच्या मंगफ गावात राहणारा रियाज सुट्टीवर आपल्या गावी निघालाय आणि त्याच्या तोंडून ऐकाल तर भाचा बुडून मेला असंच तुम्हाला वाटेल.

तर झालं असं. यूसुफ भावजींना मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून सुट्टी मिळेना, म्हणून त्यांच्या बायकोला, म्हणजे आपल्या सुगराला, उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शहरात बोटीवरून उतरून, कागदांवर शिक्के मारून घेऊन सुगरा आणखी काही बायामाणसांबरोबर लाँचने फहाहीलला निघाली. मी इस्त्रीचा सदरा घालून किनाऱ्यावर उभा. लाँच दिसली, हात हलले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती वाळूच्या दांड्यावर चढून बसली. ओहोटी लागलेली. (तिच्या नाखुद्याला तुम्ही काय म्हणाला असता ते मामी वाचणार म्हणून लिहीत नाही.) किनाऱ्यावर होडी म्हणाल तर एक नाही, सगळ्या मोत्यांच्या मोसमाला गेलेल्या. लाँच आणि आमच्यामध्ये पाणी, आणि त्यात मध्येच एक खोल घळ. तिची खोली कोणालाच ठाऊक नाही. भरती यायची ती संध्याकाळी. लाँचवरचं प्यायचं पाणी संपलेलं, आणि आमिना म्हणून एक बाई होती तिच्या कडेवर तान्हं मूल. ऊन असं की सदऱ्याची इस्त्री पुन्हा गरम व्हावी.

मी धावत आमच्या गॅरेजात गेलो. तिथला फोरमन हॉलिस साहेब लढाईत टँकवर होता. (मामू, टँक म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. तोफ बसवलेली लोखंडी गाडी. मीही नोकरीला लागल्यावर पहिले काही दिवस टाकीच समजत होतो, आणि एवढी शूर टाकी कुठली याचं नवल करत होतो.) हे टँक जहाजातून थेट समुद्रात उतरवत आणि ते पाण्यातून चालत किनाऱ्याला लागत. कसे, ते साहेबाने मला चहाच्या वेळी इतक्यांदा सांगितलंय की मला स्वप्नातही सांगता येईल. आपण मचव्याच्या फटींत कापूस आणि राळ कोंबतो ना, तसंच ते टँकाची एकूण एक फट रबरी लुकणाने बुजवत, तोफेच्या बुडाशी मेणकापड चिकटवत, आणि इंजिनाला श्वास घ्यायला एक नि धूर सोडायला एक अशी दोन उंच धुराडी पाठीवर उभी करत. अंग पाण्यात आणि नाक वर. म्हशीसारखं.

"कमाल, आपण लॉरी तशीच करू," साहेब म्हणाला. त्याचे डोळे असे चमकले की जणू दहा वर्षं तो याच लाँचची वाट बघत होता. डिझेलची लॉरी होती, तिच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ओलं व्हायची भीती कमी. पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर तोच इंजिनावर पाणी उडवतो. लुकण, ग्रीस, ताडपत्री, दोन उंच पाइप. माझ्या बाजूचं दारही बाहेरून लुकणाने बंद केलं, मला आत बसवून. बायकांना उंच बसता यावं म्हणून मागे रिकामी पिंपं घट्ट बांधून त्यांवर फळ्या टाकल्या. लॉरीला किनाऱ्यावरच्या विंचचा (म्हणजे दोर गुंडाळून जड वस्तू ओढणाऱ्या यंत्राचा) तारेचा दोर अडकवला, आणि साहेब म्हणाला, "जा. थांबू नकोस."

मी गेलो. मामू, खोटं नाही सांगत, पाणी बॉनेटवर आलं तरी इंजिन गुरगुरत होतं! किनाऱ्यावर लोक टाळ्या वाजवत होते. मग घळ आली. टँकाचं वजन पस्तीस-चाळीस टन. आमच्या लॉरीच्या पाठीवर रिकामी पिंपं. पिंपं तरंगली, त्यांनी लॉरीचं बूड उचललं, मागची चाकं पाण्यात नुसतीच फिरू लागली, आणि लॉरीने नमाजाला वाकावं तसं नाक खाली घातलं. खिडकीतून समुद्र आत आला. मी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. त्यानंतर लवकरच मी खिडकीतून बाहेर आणला गेलो, म्हणजे आलो. दोर लॉरीवरून सुटून लाँचला बांधला गेला, विंचने लाँच दांड्यावरून घळीत ओढली, तिथे ती तरंगली, आणि सगळी माणसं कोरडी उतरली. (बहुतेक सगळी.) पुढे पाणी पुरतं ओसरल्यावर लॉरी ओढून काढली, तर इंजिन पहिल्या फेरीत चालू! थेंबभर पाणी आत नाही. साहेबाने बॉनेटवर थाप मारली. "बघितलंस? लॉरी पास."

यूसुफ भावजी आणि सुगरा मजेत आहेत. मामींनी पाठवलेली कोकमं सुकीच पोचली. मोठ्यांना सलाम, लहानांना दुआ.

तुमचा आज्ञाधारक,
कमाल

ता. क. खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. धाकट्या मुनिरासाठी तुम्ही स्थळं बघताय असं ऐकतो. मला पक्की नोकरी आहे, खोली आहे, आणि संकटात डोकं शांत राहतं हे वर दिसतंच आहे. तिला विचारून, मर्जी असेल तर माझा विचार करावा.

ता. क. सुगराला सलाम लिहायचाय, म्हणून खाली जागा सोडली आहे.

बाबा आणि अम्मा, सलाम. याला पोहता येत नाही. लाँचवरून उडी मारून याला खिडकीतून मी काढलं, दोरही मीच नेऊन बांधला. पाणी गळ्याशी आलं होतं आणि हा आमिनाच्या बाळासाठी आणलेला पाण्याचा डबा डोक्यावर धरून बसला होता. "आधी हा घे," म्हणाला. डबा सोडेचना, म्हणून ओढायला इतका वेळ लागला. मुनिराला विचारा. माझं मत, द्यावी. फक्त इकडे पाठवेपर्यंत तिचं पोहणं बंद पडू देऊ नका.

सुगरा