तुंबैची सावली

मद्रास,
१२ एप्रिल १९८५

तीर्थस्वरूप वडिवू अत्तैस,
भाची शेन्बगमचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कादंबरी लिहून झालेली असताना चित्रपटासाठी इतकी माणसे लॉजमध्ये बसून करतात तरी काय, असे तुम्ही विचारले होते. अत्तै, इथे पुस्तक कोणी वाचत नाही. गोष्ट सांगावी लागते. निर्माते सोक्कलिंगम, ज्यांना सगळे 'मुदलाळी' म्हणजे मालक म्हणतात, गादीवर लोडाला टेकून बसतात. दिग्दर्शक धर्मराजन येरझाऱ्या घालतात. आणि वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, त्या मला तुमचा 'सावल्यांचा डोंगर' आरंभापासून बोलून दाखवावा लागतो. मी कोपऱ्यातल्या मातीच्या कुज्याकडे पाहत बोलते. धर्मराजन म्हणतात की या गोष्टीचा खरा श्रोता तो कुजाच आहे. काल कोणीतरी तो पाणी भरायला उचलून नेला आणि माझे वाक्य अर्ध्यावरच राहिले.

मुदलाळींना कादंबरी तोंडपाठ आहे. त्यांच्या आईने साप्ताहिकातली पाने कापून, शिवून तिचे पुस्तक केले होते. डोंगराने गिळलेल्या आईला सोडवण्यासाठी नायिका तुंबै आपली सावली देऊन टाकते, आणि ती गावात परतल्यावर कोणी एक शब्द न बोलता सगळे गाव तिच्याबरोबर झाडांच्या, भिंतींच्या कडेने सावलीतूनच चालू लागते, इथवर मी आले की ते उपरण्याने डोळे टिपतात. नंतर चहा मागवतात आणि म्हणतात की सावली मात्र तिला परत मिळालीच पाहिजे. तिकीट काढून आलेल्या माणसाला काही हरवून घरी पाठवायचे नाही, असा त्यांचा नियम आहे.

घरातल्या कोणीतरी बैठकीला बसावे आणि संवाद तिनेच तिच्या नावाने लिहावेत, ही अट तुम्ही करारात घातलीत. त्यामुळे ते मला जा म्हणू शकत नाहीत. मी आपण होऊन गेले तर अट संपते, आणि मग शेवटाचे ते हवे ते करतील. दार दिवसभर उघडे असते, अत्तै. मला फक्त त्यातून बाहेर पडता येत नाही.

अप्पांना सांगावे की मी नीट जेवते. लोभ आहेच, तो या पत्त्यावरही पोहोचत राहावा, ही विनंती.

आपली,
शेन्बगम

⁂

तेन्काशी,
२० एप्रिल १९८५

चि. शेन्बास,
वडिवू अत्तैचे अनेक आशीर्वाद.

कुज्याला माझा नमस्कार सांग. शाळेत शिकवत असताना मी पोरांकडे न पाहता फळ्याकडे तोंड करून बोलत असे, तेव्हा हा गुण तू माझ्याकडूनच उचललास.

तुझ्या अप्पांना आवरणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. धाकटा भाऊ असला तरी साठीला आलेला माणूस. कान कसा धरणार? रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून सांगतो की पडद्यावर माझ्या मुलीचं नाव येणार, तेही एकटं, दुसऱ्या कुणाच्या नावाला चिकटून नाही. देवळासमोरचा फुलवाला म्हणाला की नाव आलं की आम्ही शिट्टी मारू. त्यावर तुझे अप्पा म्हणाले, शिट्टी नको, टाळ्या वाजवा. माझी पोर लाजाळू आहे.

आता कामाचं. मी मुदलाळींना मधल्या कशाचाही हट्ट करत नाही. गोष्टीतल्या राजाला गाणी देऊ देत, डोंगराला मिशा लावू देत. पण सावली परत द्यायची नाही. ती मुलगी काही गमावून आली नसेल, तर गावाने तिच्यासाठी केलं ते काय? उन्हातून चालता येत असताना सावलीतून चालणारं गाव म्हणजे नुसतं आळशी गाव.

तू उठू नकोस, एवढंच मागते. तुला किती जड जातं ते मला कळतं, आणि तरी मागते.

डोक्याला तेल लावत जा. आठवणीत असू दे.

तुझी,
वडिवू अत्तै

⁂

मद्रास,
९ मे १९८५

तीर्थस्वरूप अत्तैस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मुदलाळी गेल्या आठवड्यात एक पायरी उतरले. शेवट तसाच ठेवू, म्हणाले. पण तो दिसणार कसा, ते कॅमेरामनला विचारा. कॅमेरामनने सांगितले की उन्हात उभ्या असलेल्या मुलीची सावली पुसून टाकील असे यंत्र त्याच्यापाशी नाही. माणूस आहे तिथे सावली पडणारच.

तेव्हा धर्मराजनना युक्ती सुचली. तुंबैने सावलीऐवजी आपले लांबसडक केस द्यावेत. केस कापलेले दिसतात, त्यावर एक करुण गाणे होते, आणि मुख्य म्हणजे केस पुन्हा वाढतात. खोलीतले सगळे खूश झाले. मुदलाळींनी माझ्याकडे पाहून मायेने म्हटले की पाप्पा, पोरी, तुझ्या अत्तैचेही समाधान होईल, काहीतरी दिले की झाले. आणि तो प्रसंग लिहून काढायला मलाच सांगितले.

मी तो लिहिला. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिला, आणि दुःखाची गोष्ट ही की तो चांगला उतरला. कोणी परक्याने लिहिला असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता. रोज तुमच्या कादंबरीतले एकेक पान निघते आणि त्या जागी माझ्या अक्षरातले पान बसते. मी पहारा करायला आले होते. आता चोराला दिवा दाखवणेही माझ्याचकडे आले आहे. उठले तर सगळेच जाईल, आणि बसले तर ते माझ्या हातून जाईल.

मुहूर्ताचा नारळ आनी महिन्यात, जूनअखेरीस फुटेल. त्याआधी वितरकांना गोष्ट सांगायची आहे. ते चौदाजण असतात म्हणे, आणि कुजा एकच.

उत्तर लवकर यावे. आपल्या मायेवर विसंबून,
शेन्बगम

⁂

तेन्काशी,
१६ मे १९८५

चि. शेन्बास,
अनेक आशीर्वाद.

केस? माझ्या आयुष्यात मी इतकी हसले नव्हते, आणि मग रात्री जेवले नाही.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनात अडकून राहिलं, की माणूस आहे तिथे सावली पडणारच. हे मद्रासच्या माणसाचं बोलणं आहे. तू तेन्काशीची असून मान डोलवलीस? आनी संपून आडी महिना लागला की कुट्रालमच्या डोंगरावरून आपला सारल उतरतो, भुरभुर पाऊस आणि पांढरं आभाळ, तेव्हा दिवसचे दिवस आपल्या गावात कुणालाही सावली नसते. माणसाला नाही, बैलाला नाही, गोपुराला नाही. तो शेवट मला सुचला तोच मुळी आडीत, ओसरीवर बसून रस्त्याकडे बघताना. एका मुलीची सावली कशी पुसायची म्हणून हे लोक डोकं फोडतायत. सगळ्या गावाचीच नसली म्हणजे झालं ना? आधी उन्हातलं गाव दाखवा, सगळ्यांच्या सावल्या लांबच लांब. ती परत येते तेव्हा गावानेही आपापल्या सावल्या सोडून दिलेल्या. पुस्तकात मला हे सुचलं नव्हतं. आता वाटतं, सुचायला हवं होतं.

ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. आडीत कुणी नव्या कामाला हात घालत नाही, आणि सिनेमावाले तर त्या महिन्यात चप्पलसुद्धा नवी घेत नाहीत. त्यांना सांग, आरंभ आनीतच करा, नारळ मद्रासला फोडा. आडीत फक्त चालू ठेवायचं आहे. आडीत आरंभ करत नाहीत. श्वास घ्यायचं कुणी थांबवत नाही.

या वेळी कुज्याकडे बघू नकोस. मुदलाळींकडे बघून सांग. आईने शिवलेलं पुस्तक जपणारा माणूस आहे तो.

खुशाली कळवत राहा.
वडिवू अत्तै

⁂

मद्रास,
११ जून १९८५

तीर्थस्वरूप अत्तैस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी मुदलाळींकडे पाहून सांगितले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. 'आडी' शब्द ऐकताच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. तरीही बोटांच्या फटीतून ते ऐकत होते. शेवटी पंख्याकडे पाहत म्हणाले, "माझी आई असती तर हेच कर म्हणाली असती."

वितरकांनी मात्र ऐकले नाही. आडीत परगावी चित्रण, शेवटी मुलीला सावली नाही आणि संवाद कोणा अनोळखी पोरीचे. एवढे सगळे अपशकुन एका चित्रपटाला झेपायचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. काल धर्मराजननी निरोप आणला. शेवट अक्षरशः तुमचाच राहील, चित्रण आडीत तेन्काशीलाच होईल. संवादलेखक म्हणून मात्र एका नावाजलेल्या लेखकाचे नाव लागेल. ते लिहिणार काहीच नाहीत. कथा म्हणून तुमचे नाव राहील. माझे कुठेही नसेल. अट तुमची होती, पण ती सोडण्याचा अधिकार तुम्ही मला दिला होता. निरोप देताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. कुज्याकडे पाहत होते.

मी हो म्हटले.

आता खोली सोडता येईल, पण मी घरी येणार नाही. एका प्रकाशकाकडे मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले आहे, महिला वसतिगृहात जागाही आहे. चित्रणाच्या वेळीही येणार नाही, आणि पोंगलला चित्रपट लागेल तेव्हाही नाही. अप्पांनी सगळ्या रस्त्याला सांगून ठेवले आहे. पडदा उजळेल, नावे येतील, आणि ते माझे नाव शोधत राहतील. ते मला पाहवणार नाही. त्यांना तुम्हीच सांगा. मला पत्रातही ते लिहिता येत नाही.

मला समजून घ्यावे, याहून अधिक काही मागत नाही.
शेन्बगम

⁂

तेन्काशी,
१८ जानेवारी १९८६

चि. शेन्बास,
वडिवू अत्तैचे अनेक आशीर्वाद.

पोंगलचा ऊस पाठवला आहे, वाटून खा. वसतिगृहात कुणी सोलून देत नसेल, तर दातांचा उपयोग कर.

आपला चित्रपट परवा इथे लागला. तुझ्या अप्पांना मी सगळं जूनमध्येच सांगितलं होतं. त्या दिवसापासून ते टपरीवर जायचे बंद झाले, एवढंच. मी फक्त फुलवाल्याला कळवलं, उगाच शिट्टीची तयारी करून येऊ नये म्हणून. त्याने कुणाला सांगितलं, मला ठाऊक नाही.

पहिल्या खेळाला आपला सगळा रस्ता आला होता. आडीत चित्रण झालं तेव्हा शेवटच्या प्रसंगात हीच मंडळी चालली होती, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःला बघायचं होतं. तिकिटं हातात, नवे कपडे अंगावर. घंटा झाली. थेटराचा मालक दार उघडून उभा राहिला, आणि आत कुणी जाईना. सगळे समोरच्या चिंचेखाली उभे. फुलवाल्याच्या बायकोच्या चपलेचा पट्टा निघाला होता, तो ती बसवत होती. शिंप्याला कुणाची तरी वाट पाहायची होती. तुझे अप्पा चष्मा पुसत होते, पुसतच होते. आत नावांचं संगीत सुरू झालं तसा मालक ओरडला की अहो, सुरू झालं, तुमच्या तेन्काशीचंच चित्र आहे, या की. कुणी हललं नाही. माझंही नाव आत पडद्यावर येऊन गेलं असेल, शेन्बा. मी पाहिलं नाही. संगीत संपलं आणि पहिल्या प्रसंगातला कोंबडा आरवला, तेव्हा अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आम्ही सगळे आत गेलो.

शेवट मी लिहिला होता त्याहून चांगला झाला आहे. तुंबैचं बोलणं तुझंच आहे, ते मला ऐकताच कळलं.

काल अप्पा पुन्हा टपरीवर गेले. कुणा परगावच्या माणसाने विचारलं की संवाद कुणाचे होते हो. अप्पा म्हणाले, आम्हाला पोहोचायला उशीर झाला, नावं बघायची राहिली. शिंपी म्हणाला, आम्हालाही उशीर झाला. मग फुलवाला म्हणाला, त्यालाही.

आता घरी ये. तुला उतरवून घ्यायला आम्ही दोघं स्टेशनावर येऊ. गाडी पोहोचेल तेव्हा कडक ऊन असेल. असू दे. आपण सावलीसावलीने घरी येऊ.

तुझी,
वडिवू अत्तै