शीरखुर्म्याचा डबा

राहनाळ,
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय गुलाम हुसेन,

समोर बसून बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. शाळेत माझे निबंध तूच लिहायचास, त्यामुळे यात चुका सापडल्या तर दोष तुझाच.

मी घरी आलो. लघवी व्यवस्थित होते, आणि ही बातमी तुझी वहिनी कमळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला देते, अगदी दूधवाल्यालासुद्धा. डायलिसिस तीनदा झालं. ते मशीन बघून मला तुझा यंत्रमागाचा कारखानाच आठवला. नळीतून रक्त जातं, धुऊन परत येतं, मध्येच कुठे अडलं की मशीन किंचाळतं आणि लूमवरचा धागा तुटल्यासारखी सिस्टर धावत येते. चार-चार तास हलायचं नाही. सत्यनारायणाला दहा मिनिटं मांडी न घालणारा मी, तिथे गुमान पडून होतो.

झालं काय, तर यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. आमच्या करंज्या तुझ्याकडे, तुझा शीरखुर्मा माझ्याकडे. मी मनाशीच दर ठरवला. करंजीला शुगरची एक जादा गोळी, शीरखुर्म्याच्या वाटीला दोन. तोंड गोड आणि शुगर गायब! डॉक्टर नंतर म्हणाले, काळूराम, गोळी म्हणजे एसटीचं तिकीट नव्हे, लांब जायचं म्हणून जास्त फाडायला. पोट बिघडलं, दोन दिवस घोटभर पाणी टिकेना, तरी मी गोळ्या गिळतच होतो, कारण आदल्या दिवशीच्या लाडवांचा हिशेब चुकता व्हायचा होता. अंगातलं पाणी गेलं, किडन्या थकल्या, गोळी साठत गेली आणि रक्तात आम्ल चढलं. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी असा धापा टाकायला लागलो, जणू खाडी पोहून आलोय. डॉक्टर म्हणाले, आता गोळी आणि आम्ल मशीननेच काढावं लागेल, नाहीतर काही खरं नाही. मी घाबरलो, गुलाम. खरंच घाबरलो.

पण त्याहून जास्त घाबरलो तुझ्या वहिनीला. जादा गोळ्या घ्यायला कोणी सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती डोळे वटारून समोर उभी होती, आणि मी धापेतल्या धापेत तुझं नाव घेतलं. तू तर डबा देतानाच बजावलं होतंस, ‘दो चम्मच बस, काळू.’ तू दवाखान्यात आलास, तिने तोंड फिरवलं, तू मोसंबी बाकावर ठेवून निघून गेलास. मी पडद्याआडून सगळं बघितलं आणि झोपेचं सोंग घेतलं. त्यानंतर तू फिरकला नाहीस, फोनही उचलत नाहीस. चाळीस वर्षांची दोस्ती मी एका खोट्यापायी घालवली की काय, या विचाराने घास उतरत नाही.

आज सकाळी तिला खरं सांगून टाकलं. तासभर ती भांडी आपटत राहिली. त्यापेक्षा मशीन बरं, असं वाटलं. मग रागाने माळ्यावर टाकलेला तुझा डबा तिने खाली काढला, लखलखीत घासला आणि त्यात सुकट भरली. म्हणाली, ‘भाऊजींचा डबा आपल्या घरातून रिकामा जायचा न्हाय.’ तोच डबा या पत्रासोबत पाठवतोय. रीतीप्रमाणे तूही तो रिकामा आणणार नाहीस, ठाऊक आहे मला. पण या वेळी रीत मोड. डबा रिकामाच आण, पण तू ये.

तुझाच, निबंध अजूनही न जमणारा,
काळूराम