ओव्हनचं दार मीच उघडलं

विहीणबाईंना, त्यांच्या वयाला आणि वयाहून मोठ्या असलेल्या त्यांच्या तोऱ्याला माझा मनापासून नमस्कार. (लिहिणारी म्हणते, 'तोरा' लिहिणार नाही. लिही गं. मला अक्षर येत नसलं तरी तू कुठे हात आखडतेस ते दिसतं.)

खोकला कसा आहे? व्याह्यांना अलीकडे कमी ऐकू येतं असं समजलं. त्यांना सगळ्यांचंच कमी ऐकू येतं, की तुम्ही बोलायला लागलात की कमी येतं, एवढं एकदा तपासून घ्या म्हणजे उगाच यंत्राचा खर्च नको. माझी तब्येत उत्तम. दात गेले, पण बोलणं अडत नाही, हे तुम्हाला या पत्राच्या लांबीवरून कळेलच. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात मध्ये बोलायची सोय नसते.

तर मुद्द्याचं. तुमच्या शहरातल्या त्या मोठ्या प्रयोगशाळेने आपल्या मुंगीला बोलावलं आहे. (मुंगी म्हणजे तुमची-माझी नात. तुम्ही तिला भलत्याच गोड नावाने हाक मारता, म्हणून खुलासा.) ही बातमी कळल्यापासून तुम्ही मागची खोली रिकामी करायला घेतली आहे, असं तुमच्या लेकीने, म्हणजे माझ्या सुनेने सांगितलं. थांबा. पोर येत नाही. तिने स्वतःच ठरवलंय, आणि ते तुम्हाला कळवायला मी तिलाच समोर बसवून हे पत्र सांगते आहे. तिचे आईबाप बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरत राहिले आणि ती शाळेपासून माझ्याकडे राहिली, हे तुमच्या पोटात अजून दुखतं, मला माहीत आहे. पण तिचं इथेच किती छान चाललंय ते ऐका, म्हणजे जरा बरं वाटेल. किंवा आणखी दुखेल.

तुम्ही लोकांना सांगता, नात औषधांच्या कंपनीत आहे. साफ चूक. ती माल पेटतो का, ते बघते. कारखान्यातून निघालेली पावडर ट्रकमध्ये किंवा जहाजात चढायच्या आधी हिच्या हाताखालून जाते. ती म्हणाली धोका आहे, तर पिंपांवर आगीचं चित्र चिकटतं. लहानपणी जी मेणबत्तीवर फुंकर मारायला सुद्धा माझ्या मागे लपायची, तिच्या शब्दावर आता ट्रक थांबतात. (म्हणते, ट्रक माझ्या शब्दावर नाही, अहवालावर थांबतात. आणि तो अहवाल काय आपोआप उमटतो?)

तिच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांना काम दाखवायचा एक दिवस असतो. मी गेले. तिथे मला पांढरा कोट दिला, माझ्या चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवला आणि कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं. कोटात मी इतकी भारदस्त दिसत होते की एका कारकुनाने मला वाकून 'मॅडम' म्हटलं. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

त्या दिवशी एका कारखानदाराचं मीठ तपासायला होतं. मीठ म्हणजे आपल्या बरणीतलं नव्हे हो. कापडाचा रंग उडवायला वापरतात ते, दिसायला पांढरंशुभ्र, वासाला मात्र ओल्या काडेपेटीसारखं. कारखानदार स्वतः हजर होता. चांगला धिप्पाड माणूस, कपाळावर घाम, आणि दर थोड्या वेळाने खिडकीतून फाटकाकडे बघायचा, कारण तिथे त्याचा ट्रक भरून उभा होता. मुंगीने साच्यातून त्या मिठाची पट्टी एका फरशीवर उतरवली, लांबलचक, पाल पसरावी तशी, आणि एका टोकाला ज्योत धरली. मीठ जरा काळवंडलं, थोडा धूर सोडला आणि गप्प झालं. कारखानदाराने टाळ्याच वाजवल्या. मलाही वाटलं, झालं, घरी चला.

पण तो फक्त पहिला पेपर होता. मुंगीने मला समजावलं, आणि ते मला असं पटलं की तुम्हालाही सांगते. काही पदार्थ काडी लावली की भडकतात. ते बरे, त्यांच्यापासून माणूस लांब राहतो. काही मात्र काडीला दाद देत नाहीत, पण नुसते उबेत ठेवले की आतल्या आत तापत जातात, कोणी न पेटवता पेटतात. मी लगेच म्हटलं, म्हणजे एक तुझी ती आजी आणि एक मी. (हे तिने लिहिलं आहे ना, ते विचारते. लिहिलंय म्हणते.) तुमचं बरं असतं, विहीणबाई. लग्नात मांडवाच्या तोंडाशी भडकलात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत विझलात. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही, आणि तुम्ही समजलात की मला राग आला नाही.

तर हा आतला ताप मोजायला जाळीचा चौकोनी डबा असतो. त्यात मीठ भरायचं, मधोमध एक बारीक तार खुपसायची आणि तो डबा एका ओव्हनमध्ये अख्खा दिवस टांगून ठेवायचा. ओव्हन किती तापवायचा ते ठरलेलं. मीठ तेवढंच तापलं तर ते सज्जन. त्याहून वर वर चढत गेलं तर ती धग ओव्हनची नाही, त्याच्या स्वतःच्या पोटातली. पडद्यावर रेघ दिसते. आणि गंमत म्हणजे तेच मीठ इवल्याशा डब्यात ठेवलं तर शहाण्यासारखं वागतं, कारण ऊब बाहेर निघून जाते. मोठ्या डब्यात ऊब कोंडते. अगदी आपल्या नातेवाइकांसारखं, एकेकटे भेटले तर देवमाणसं, कार्याला एकत्र जमले की बघायला नको. कारखानदाराला त्याचा माल माणसाच्या उंचीच्या पोत्यांत भरून पाठवायचा होता, म्हणून मोठा डबा.

तो डबा आदल्या दिवशीच आत टांगलेला होता, वेळ संपत आली होती आणि रेघ हळूहळू वर सरकायला लागली होती. मुंगी काहीतरी आणायला शेजारच्या खोलीत गेली. ओव्हनपाशी मी एकटी. आता विहीणबाई, तुम्ही सुद्धा बाई आहात, तुम्हीच सांगा. आत काहीतरी शिजतंय, वास बदललाय, आणि जिचं आहे ती जागेवर नाही. जन्मभर मी काय केलं? झाकण उघडून बघितलं. तेच केलं. दार उघडलं, डोकावले, गरम वाफ तोंडावर आली, 'अजून व्हायचंय' असं स्वतःशी म्हटलं आणि दार लावलं.

वळून बघते तर दारात मुंगी. तिच्या तोंडाचा रंग त्या मिठासारखा.

तेवढ्यात तिचे साहेब, कारखानदार आणि वरून तपासणीला आलेल्या एक बाई आत आल्या. पडद्यावर रेघ धाडकन खाली. कारखानदार ओरडला, "बघा, बघा, उतरतंय! म्हटलं होतं मी!" साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, वेळ झालीच आहे, मर्यादा काही ओलांडली नाही, पास लिहून टाक. कोणी काही पाहिलं नव्हतं. पोरीने मान डोलावली असती तरी ट्रक सुटला असता, साहेब खूश, आणि मी कोटासकट सुखरूप घरी. मी तर छताकडे बघत उभी राहिले, छतावर बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

ती म्हणाली, "चाचणी बाद. दार उघडलं गेलंय, रेघ त्यामुळे पडली. पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल."

साहेब म्हणाले, "कोणी उघडलं?"

"माझ्या आजीने. मी तिला एकटं सोडायला नको होतं, चूक माझी."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी त्या कोटासकट आत जावं. कारखानदार म्हणाला, आजीबाईंच्या हौसेपायी माझा ट्रक अडवता? साहेबांच्या कपाळाला आठ्या. आणि आपली पोर, खांद्याइतकीही उंची नाही तिची त्या माणसाच्या, शांतपणे नवा डबा भरायला बसली. मिठाचा एकेक चमचा असा घालत होती, जणू मागे कोणी उभंच नाही. मी तिला पाळण्यापासून पाहिलंय, पण ती इतकी मोठी झालेली त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. निकाल काय लागतो ते बघायचं होतं. मला बाहेर खुर्ची दिली आणि शेजारी पहारेकरी बसवला. त्याला विचारलं, बाबा, तू माझी राखण करतोस? म्हणाला, "नाही आजी, ओव्हनची." काचेतून दिसत होतं. कारखानदार आज स्टुलावर बसून पडद्याकडे डोळे लावून होता. यावेळी कोणी दार उघडलं नाही. रेघ चढली. ओव्हनची रेघ जागच्या जागी, आणि मिठाची तिला सोडून वर, आणखी वर, ठरलेल्या खुणेच्या पार. मग ओव्हनच्या फटीतून असा घाण धूर आला की पहारेकरी माझ्या आधी उठला.

कारखानदाराने बाहेर येऊन भिंतीला टेकून गोदामात फोन लावला, आवाज पार बसलेला. थप्पी मोडा, पोती लांब लांब ठेवा, आत्ताच्या आत्ता. मग जाताना माझी पिशवी फाटकापर्यंत घेऊन आला. माफी मागणारा माणूस तो नव्हे, पण पिशवी जड होती.

त्या तपासणीच्या बाई तुमच्याकडच्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या. त्यांनीच मुंगीला बोलावलं. आणि मुंगी नाही म्हणते. तिथे फार गजबज असते म्हणे, इथलं काम तिच्या हाताला बसलंय म्हणे. तेव्हा तुमची खोली तुम्हाला लखलाभ. पोर आमचीच, आणि कौतुकही आमच्याच दारात.

तुमची, तुमच्याहून थोडी मोठी,
विहीण

ता.क. आजी, हे मी स्वतः लिहिते आहे. इथल्या आजीने निम्मं वाढवून सांगितलंय. जमीन दुभंगावी वगैरे काही नाही, ही तर साहेबांना म्हणाली होती की तुमच्या ओव्हनच्या दाराला नीट कडी तरी लावा. आता लावली आहे. खोलीसाठी तुम्ही इतकं केलंत, त्याबद्दल मनापासून सॉरी. तुमची, मुंगी.

आणखी ता.क. अक्षर बदललं म्हणून दचकू नका. मी सांगते आहे आणि लिहितोय तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. मुंगी कामावर गेली आहे आणि पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त शेवट खोटा आहे. गजबज वगैरे काही नाही. ती त्या बाईंचं बोलावणं उशीखाली ठेवून झोपते. माझ्यासाठी थांबली आहे, आणि मी विचारलं तर कबूल करणार नाही. मी जा म्हटलं तर हट्टाने राहील. तेव्हा तुम्ही बोलवा. पण माझ्यासारखं बोलवू नका, तुमच्या पद्धतीने बोलवा. रुसा. चक्कर येते म्हणा. व्याह्यांना ऐकू येत नाही, घरात बोलायला माणूस नाही, असं लिहा. इतक्या वर्षांत तुमच्या या कलेचं मी कधी कौतुक केलं नाही, आता करते. पोर तुमच्यासाठी म्हणून निघेल, आणि पोहोचली की स्वतःसाठी राहील.

आल्यावर एवढंच सांभाळा. ती कामावरून दारात आली की लगेच काही विचारू नका. हात धुऊ द्या, खाऊ द्या. पोट भरलं की आपणच बोलायला लागते, डबे, तारा, रेघा. त्यातलं काही कळणार नाही. कळायची गरज नाही. ती जरा थांबली की फक्त 'मग?' म्हणायचं. मी इतकी वर्षं तेवढंच म्हणत आले.