मधला सूर

आये,

दादाच्या पोरीचं लग्न झालं. हळदीला धवला, आपलं लग्नाचं गाणं, तूच म्हटलास. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी दुसरी कुणी मिळेना म्हणून तुलाच बोलवावं लागलं. आता आपल्या जासईत काय, आजूबाजूच्या गावांतही धवले गाणारी धवलारीण उरलेली नाही. भटजी येतो, घड्याळाकडे बघत सगळं उरकतो, बाकीचं डीजे बघून घेतो. पूर्वी एक बाई सगळं लग्न लावायची, मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असायचं, तिच्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही, असं नव्या सुनांना सांगितलं तर त्या मान डोलावतात आणि फोन बघतात. पण दादाच्या पोरीने हट्ट धरला. आजीचा आवाज पाहिजे म्हणाली, आणि त्याच्याखाली आत्याचं म्युझिक पाहिजे. दादाने मला विचारलं, जमेल का. मी म्हटलं त्यात काय, हेच तर करते मी रोज.

मी नक्की काय करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. नावड्याच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. एकीत गादी, दुसरीत लॅपटॉप, कीबोर्ड आणि स्पीकर. रॅप करणाऱ्या पोरांना बीट बनवून देते, वेब सिरीजना पार्श्वसंगीत देते. माझं नाव आहे ते अंधारासाठी. पडद्यावर कुणाचा खून व्हायचा असला, कुणी पुलावर एकटं उभं असलं, की माझा फोन वाजतो. युक्ती फार मोठी नाही. तीन सूर एकदम दाबले की कॉर्ड होते. त्यातला मधला सूर, गंधार, जरासा खाली घेतला की उजेड जातो. मग चार कॉर्ड जिना उतरल्यासारख्या खाली न्यायच्या, पुन्हा वर यायचं आणि पुन्हा तोच जिना उतरायचा. ऐकणाऱ्याला वाटत राहतं, आता काहीतरी वाईट होणार. एवढ्यावर माझं बरं चाललंय. आठ आठ दिवस भाजीवाला सोडून कुणाशी बोलणं होत नाही, पण या धंद्यात त्याने काही अडत नाही.

पहिला कीबोर्ड तूच आणलास. बँजो पार्टीतल्या वाजवणाऱ्याने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना तू मागून घेतलास, लुगड्यात गुंडाळून घरी आणलास आणि तांदळाच्या पिंपावर ठेवलास. मग तुझ्याच खटपटीने मी वाशीला क्लासला जायला लागले. एक सकाळ मला अजून दिसते. तू भाकऱ्या थापतेयस. दुसऱ्या दिवशी कुणाकडे तरी हळद आहे, म्हणून थापता थापता धवला गुणगुणतेयस. मी नुकतीच मायनर कॉर्ड शिकलेय आणि ती कुठेतरी लावून बघायला माझी बोटं शिवशिवतायत. मी तुझ्या गाण्याखाली ती दाबते. तुझा हात परातीतच थांबतो. तू रागावलेली नाहीस, पण आवाज कडक आहे.

“पोरीचा लगीन हाय गो त्या गान्यात. तिचे पायाखाली अंधार कनाला घालतंस?”

मी तेव्हा फटकळ होते, अजूनही आहे. मी म्हटलं, तूच रडल्यासारखी गातेस, मी फक्त साथ दिली.

“मी रडत नाय,” तू म्हणालीस. “माझा आवाज तसाच हाय.”

मला ते खरं वाटलं नाही. पाच गावांतल्या पोरींची लग्नं तू गाऊन लावलीस आणि तुझी स्वतःची पोर बिनलग्नाची राहिली. बायका तुला तोंडावर विचारायच्या, हिचं कधी, आणि तू सरळ पुढचा धवला सुरू करायचीस. मला तू कधीच विचारलं नाहीस. त्या न विचारण्याचा मी माझ्या मनाने अर्थ लावला, की तू आतून दुःखी आहेस आणि त्याचं कारण मी आहे. तू गेल्यावर तर मी हे ठामच धरलं. माझ्या प्रत्येक बीटच्या तळाशी तुझा तो रडका सूर आहे असं मी मुलाखतीतसुद्धा एकदा सांगून टाकलं, आणि लोकांना ते फार आवडलं.

तुझा आवाज सापडला तो शेजारच्या काकीच्या मुलीच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओत. त्यात तू मांडवात बसून गातेयस, आणि मागे बँजो पार्टी असा दणका लावतेय की तुझे फक्त ओठ हललेले दिसतात. एका कोपऱ्यात मी आहे, हाडकुळी, कीबोर्डवाल्याच्या बोटांकडे टक लावून उभी. आता एक सॉफ्टवेअर मिळतं. ते गर्दीतून माणसाचा आवाज सोलून वेगळा काढतं. मी बटण दाबलं आणि बँजो गेला, ढोल गेला, पोरांचा कालवा गेला, आणि नावड्याच्या खोलीत तू एकटी गायला लागलीस. तुझा श्वास ऐकू आला, बांगड्या ऐकू आल्या. मी उठून खिडकी लावून घेतली. मला फार रडू आलं.

मग मी तुझ्याखाली माझा नेहमीचा जिना उतरवला आणि दादाला पाठवून दिलं. पोरीचा लगेच मेसेज आला, आत्या एक नंबर, पण यावर नाचायचं कसं? दादाचा फोन संध्याकाळी आला. बराच वेळ तो त्याच्या धंद्यातले कंटेनरचे ट्रेलर, यार्ड आणि लग्नाचा मांडववाला यांच्याबद्दलच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, “बाय, यात आयस मेलेली वाटते. हलदीला मेलेली नको.”

मला राग आला. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या मला तो शिकवतोय, असं वाटलं. चिडून मी मधला सूर वर उचलला आणि सगळ्या कॉर्ड उजेडाच्या करून टाकल्या. तर तू जाहिरातीतल्या सासूसारखी झालीस. पुन्हा खाली घेतला, तर पुन्हा मेलीस. काय बिघडतंय ते कळेना, म्हणून तुझा एकेक सूर पडद्यावर मोठा करून बघितला. तुझा गंधार वरचा नाही आणि खालचाही नाही. दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिथे तो पक्का बसलाय. दर ओळीत, दर वेळी तिथेच. माझ्या कीबोर्डवर त्याला पट्टीच नाही. मशीनने ओढून मी तो वर नेला, खाली नेला, दोन्ही वेळा कुणी परकी बाई गायला लागली. म्हणजे तू खरंच सांगत होतीस. तू रडत नव्हतीस, तुझा आवाजच तसा होता. दुःख सगळं मी घातलेलं होतं, आणि इतकी वर्षं तुझ्या नावावर खपवत होते.

शेवटी मी मधला सूर काढूनच टाकला. प्रत्येक कॉर्डमधून. खाली नुसता सा ठेवला, पंचम ठेवला, आणि काढलेल्या ढोलातला थोडा परत आणला. मधली जागा तुझी तू भरलीस. मला तिथे करण्यासारखं फारसं उरलं नाही. मी खुर्चीत मागे टेकून नुसती ऐकत बसले, आणि तू आजारी होतीस तेव्हा तुझ्याजवळ बसायचे तसं वाटलं.

हळदीच्या दिवशी घरासमोर मांडव होता. मी साउंडवाल्याच्या टेबलामागे उभी राहिले, कारण उभं राहायला मला तीच एक जागा कळते. तू सुरू झालीस तशी हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या, ज्या धवले विसरलो विसरलो म्हणून आठ दिवस सांगत होत्या, तुझ्याबरोबर म्हणायला लागल्या. त्यांचाही गंधार तिथेच होता, तुझ्याच जागेवर. मग त्यांच्या सुनांनी ओळीचं शेपूट धरलं. पोर हसत होती आणि रडतही होती, आणि ते कुठल्या कॉर्डवर बसवायचं हे ठरवायचं काम त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. कुणीतरी माझ्याही गालाला हळद लावून गेलं.

मांडव रिकामा झाल्यावर दादा जवळ आला. म्हणाला, “त्या व्हिडिओत आयसचा अजून काय हाय काय? बोललेला वगैरे?” मी नाही म्हणाले.

आहे, आये. दोन धवल्यांच्या मध्ये आहे, आधी ते बँजोखाली पुरतं बुडालेलं होतं. तू शेजारच्या बाईकडे वळून हळू आवाजात म्हणतेस, “माझी पोर जेवली काय बघ गो. ती सांगनार नाय.” एवढंच. मी ते वेगळं कापून ठेवलंय, त्याच्याखाली काही वाजवलेलं नाही, आणि दादालाही दिलेलं नाही. तुझ्यातला एवढा तुकडा मला एकटीला हवा होता.

आज रविवार आहे. दुपार उलटून गेली, आणि मी अजून जेवलेली नाही. सकाळपासून कुणाला सांगितलंही नाही.