झील कोण देणार

१२ जानेवारी २००३
कॅसेट कंपनीचा शेठ आज स्वतः खर्डीला आला. आमच्या 'पाड्याच्या पोरीं'च्या हळदीच्या गाण्यांच्या दोन्ही कॅसेट त्यानेच काढल्या. पोरी कसल्या, चौघींतल्या सुमनच्या मुलीला यंदा स्थळं येताहेत. शेठ म्हणाला, आता एकटीची काढू. कव्हरवर एकच चेहरा असला की खपते. चेहरा माझा ठरला. का, तर म्हणे गाणं तुम्हीच घेता, बाकीच्या मागून झील देऊन झेलतात.
हो म्हणून बसले. चहा उतू गेला तेही कळलं नाही. फार आनंद झालाय. इथे लिहायला हरकत नाही.

१४ जाने., संक्रांत
काशी, सुमन दोघींना सांगून झालं होतं. वनीकडे, माझी ओळ झेलून पुढची झील जोडते तिच्याकडे, आज गेले, तिळगूळ घेऊन. तिला शेवटी, म्हणजे घाबरलेच होते. ती सुपात वाल पाखडत होती. हात थांबला नाही.
"चांगलं झालं की. कर."
"तू झेलायला ये ना. शेठला सांगते मी."
"कव्हरवर नाव कुणाचं?"
"माझं."
"मंग झेल पन तूच."
रागाने नाही बोलली. तिळगूळ घेतला, माझ्यासमोर खाल्ला. परत येताना वाटलं, सुटले, भांडण झालं नाही. आता वाटतंय, भांडली असती तर बरं होतं.

९ फेब्रु.
कल्याण. रेकॉर्डिंग. खोलीच्या भिंतींना गाद्या, कानाला डबे. ढोलकी सुरू झाली. मी उचललं, 'पाटा मांडिला गो मांडवाच्या दारी', आणि थांबले. रेकॉर्डिंगवाला काचेतून बघतोय.
"बाई, पुढे?"
"पुढे वनी."
"वनी कोण?"
सगळे हसले, मीही हसले. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. दुपारपर्यंत तेच. थांबायचं नाही असं ठरवून उचललं तरी तिथे येऊन थांबलेच. मग कळलं की मी नुसती थांबत नाहीये. पुढचं मला येतच नाही.

१० फेब्रु.
अंगणवाडीत वजनाचा दिवस. पोरं काट्यावर रडत होती आणि मी मनात झील जुळवत होते. इतकी वर्षं व.च्या शेजारी बसून गायले, तिची एक झील धड आठवू नये? कारण उघड आहे. ती गाते तेव्हा मी श्वास घेते आणि पुढच्या ओळीच्या मागे असते.
शिवाय तिची झील ठरलेली नसतेच. मांडवात कोण बसलंय ते बघून जोडते. मामाची टोपी वाकडी दिसली की टोपी आली. व्याहीबुवा जेवायला आधी बसले की तेही आले. ज्याला चिडवलं तोच आधी हसतो. त्या गाद्यांच्या खोलीत मी कुणाची टोपी बघू?
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मंग कॅसेटची एकच बाजू काढ." ह्यांना सगळ्याचीच गंमत.

१६ फेब्रु.
शेठने तोड काढली. डोंबिवलीच्या दोन कॉलेजच्या मुली, हातात कागद, त्यावर झील लिहून आणलेली. गोड आवाज. माझी ओळ पुरती व्हायच्या आत उचलतात. एकीने विचारलं, "काकू, झील म्हणजे कोरसच ना?" हो म्हटलं. पोर गुणी आहे, तिचा काय दोष. दोन्ही बाजू एका दिवसात झाल्या. रेकॉर्डिंगवाला खूश, शेठ खूश. मीपण, बहुतेक.

२ मार्च
शहापूरच्या बाजारात काशी भेटली. किन्हवलीकडे हळद होती, तिघीच गेल्या होत्या. मला कुणी बोलावलंही नाही. गाणं व.ने घेतलं, झील काशीने दिली.
"कसं झालं?"
"झालं."
मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "दर ओळीला मान वळवायची गो ती, तुज्या बाजूला. तिथं सुमन बसलेली."
मी भेंडी घेतली. भाव करायचं राहूनच गेलं.

२८ मार्च
कॅसेट आली. 'मंगलची हळद'. कव्हरवर मी, उसन्या हिरव्या शालूत, मागे कुठला तरी धबधबा. आमच्याकडचा नक्कीच नाही. एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात वाजत होती, लोक उभे राहून ऐकत होते. मीही उभी राहिले. अभिमान वाटला, खोटं कशाला. झील आली की मात्र दर वेळी पदर नीट करत होते.
व.ला एक पाठवली, सुमनच्या हाती. स्वतः गेले नाही. जायला हवं होतं.

२० एप्रिल
व.चा भाऊ मुरबाडहून आला, मुलीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन. "मंगलताय, हळदीला यायचंच."
"वनी काय म्हणाली?"
"तिला काय इचारायचं? ती पोरीची आत्या. तिचं ती बघंल."
म्हणजे काहीच म्हणाली नाही. जाऊ की नको. हे म्हणतात जा. व. स्वतः आली असती तर विचार करायचाच नव्हता.

३ मे, व.चं माहेर
उद्या अक्षय तृतीया, उद्याच लग्न. हळद दुपारी झाली. आता पडवीत बसून लिहितेय, समोर पंगती चालू आहेत.
भावाने माझा मान म्हणून माझीच कॅसेट लावली, कर्ण्यावर. बाया पाट्याभोवती बसलेल्या, सगळ्या गप्प. कॅसेटमध्ये सगळंच भरलेलं, कुणाला शिरायला जागाच नाही. मधे व. हळकुंडं वाटतेय, खाली मान. नवरीसुद्धा कंटाळलेली. मला जमिनीत जावंसं झालं.
दुसरं गाणं लागलं तेव्हा व. म्हणाली, "बंद कर तो."
भाऊ म्हणाला, "आपल्या मंगलचीच हाय."
"ठावं हाय मला. मंगल हितं बसलीय ना?"
बंद झालं. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मी घेते. तू झेल."
आणि उचललं, 'पाटा मांडिला गो मांडवाच्या दारी'. थांबली. बाया वाट बघतायत. डोंबिवलीच्या कागदावरचं तोंडावर आलं होतं, गिळलं. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, जरा सावकाश, आणि या वेळी मान माझ्या बाजूला वळवली. मी पहिल्यांदा मांडवभर नजर फिरवली. टोपी नाही, व्याही नाही. दिसली ती एकच.
'आत्या रुसली गो, तिला कोण आणील घरी?'
सूर बरा नव्हता. बाया मात्र खदखदून हसल्या, नवरीसुद्धा. व. हसली नाही. वरवंटा एकदा फिरवला, पुढची ओळ घेतली आणि शेवट सोडला माझ्यासाठी. हळद पुरती वाटून होईपर्यंत असंच चाललं. काही झिली पडल्या, काही सावरल्या. श्वास कधी घ्यायचा ते मात्र अजून कळलं नाही.
नंतर ती वाढपात, मी इथे. शेठचा निरोप आलाय, दुसऱ्या कॅसेटचं काय म्हणून. अजून कळवलं नाही.
बायांची पंगत बसतेय. व. बसली. शेजारच्या पाटावर तिचा रुमाल आहे. जागा धरलीय की सहज ठेवलाय, धरली असेल तर माझ्यासाठी की काशीसाठी, इथून कळत नाही. जाऊन बघते.