चटणीचा पूर्ण पत्ता

२ एप्रिल, सकाळी ७.४०
या देशात माणसाच्या उजव्या अंगठ्याची कुणालाच फिकीर नाही. आज गूगलवर ‘कोल्हापुरी कांदा लसूण चटणी’ शोधली. आमच्या हिची, वर्षाराणीची चटणी सातव्या पानावर. सात पानं अंगठ्यानं ढकलली, सांधा ठणकतोय. आपल्या आधी कोण? तर चटणीत केचप घालणाऱ्या एक बाई.
कारण सापडलं. पत्ता. पुतणी निशिगंधानं वेबसाइट करताना त्या पानाचा पत्ता ठेवलाय नुसता ‘चटणी’. मी टपाल खात्यात सव्वीस वर्षं सॉर्टिंगला होतो. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून एकही पत्र परत धाडलं नाही. पत्ता म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं?
ठराव: URL मी बदलणार.

३ एप्रिल
चार व्हिडिओ पाहिले. दोन दुप्पट वेगानं. विषय संपला.
नवा URL: भारत/महाराष्ट्र/कोल्हापूर/शिवाजी-पेठ/तालमीच्या-मागे/वर्षाराणी/चटणी. शेवटी पिनकोड. बघूनच समाधान वाटलं.
पुण्याहून निशिगंधाचा फोन. पत्ता आखूड बरा म्हणाली. आणि बदललाच तर जुन्यावरून नव्यावर रीडायरेक्ट लावा, पाकिटांवरच्या क्यूआर कोडमध्ये जुनाच पत्ता आहे. मी म्हटलं, माणसानं घर बदललं तर पोस्टमन पत्र नव्या घरी नेतो, ते काम पोस्टमनचं. गूगलचाही असेलच की कुणीतरी. तिनं फोन ठेवला. पटलं असणार.
वर्षाराणी डंकावरून मिरची कुटून आली ती शिंकतच. म्हणाली, पाचशे पाकिटं बाहेर गेलीत, या दोन महिन्यांवर आपलं वर्ष निघतं, त्याला हात लावू नका. ‘त्याला’ म्हणजे नक्की कशाला, हे स्पष्ट नव्हतं.

७ एप्रिल
मेहुणा विश्वजित आला. आमचा कांदा-लसूण तोच पुरवतो, पेठ वडगावच्या बाजारातून. परवा वेबसाइटवर चढवलेला URL कौतुकानं दाखवला. त्यानं बोट ठेवून दोनदा वाचला. “दाजी, कांदा वडगावचा, लसूण वडगावचा, आन पत्त्यात वडगाव न्हाय व्हय?”
मुद्दा रास्त. ‘व्हाया-पेठ-वडगाव’ घातलं. आमच्या काळी आडगावच्या पत्रांवर व्हाया असायचंच.

११ एप्रिल
नवी लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. पडताक्षणी आपलं शुद्ध मराठी नाहीसं झालं आणि टक्क्यांची चिन्हं, इंग्रजी अक्षरं, आकडे अशी दीड वीत गोधडी उमटली. एकानं विचारलं, लॉटरीचा नंबर काय? दुसऱ्यानं व्हायरस समजून मला ग्रुपमधून काढलं. सख्खा साडू.
उद्यापासून ‘तालमीच्या-मागे’ऐवजी ‘तालमीमागे’. निशिगंधा आखूड हवा म्हणत होती ना.

१६ एप्रिल
दहा दिवस ऑर्डर नाही. वर्षाराणीनं विचारलं. सांगितलं, पत्ता मोठा आहे, गूगलला वाचायला वेळ लागतो. भरलेल्या बरण्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या सोप्यात आल्यात. माझी गादी दोन बरण्यांच्या मध्ये. नाक सतत वाहतं. कामाचा ताण.

१९ एप्रिल, दुपारी
विजय! पुण्याच्या एक बाई थेट दारात. क्यूआर कोड लावला तर ‘पान सापडलं नाही’ आलं म्हणे. नृसिंहवाडीला दर्शनाला आल्या होत्या, म्हणून वाकडी वाट केली. पाकिटावर नुसतं ‘शिवाजी पेठ’ वाचून तालमीच्या कोपऱ्यावर आकारामच्या चहाच्या गाड्यावर विचारलं, त्यानं घर दाखवलं. दोन किलो चटणी नेली.
म्हणजे माणसं विचारत विचारत येतातच. वर्षाराणीला हे समजावलं. तिनं विचारलं, पाचशेतले किती जण वाडीला जातात?
आकडेवारी हाताशी नव्हती.

२६ एप्रिल
वर्षाराणीनं मला न विचारता निशिगंधाला बोलावून घेतलं. सकाळी आली, बूट काढायच्या आधी लॅपटॉप उघडला. जुन्या पत्त्यावर तीन आठवड्यांत तीनशे चाळीस वेळा कुणी ना कुणी येऊन गेलं होतं. प्रत्येकाला एकच उत्तर, पान सापडलं नाही.
मी म्हटलं, यांचा पोस्टमन कामचुकार दिसतोय.
ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “इथं पोस्टमन तुम्हीच की, काका.”
वर्षाराणी मागं पाकिटं भरत होती. तिनं मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.
तीनशे चाळीस. सव्वीस वर्षांत एक नाही, आणि तीन आठवड्यांत तीनशे चाळीस.

२७ एप्रिल
URL पुन्हा नुसता ‘चटणी’. माझ्या तिन्ही पत्त्यांवरून तिकडं रीडायरेक्ट. निशिगंधाला अकरा मिनिटं लागली. दुपारपर्यंत दोन ऑर्डरी.
संध्याकाळी आकारामकडं गेलो. महिनाभरात त्यानं सहा गिऱ्हाइकं आमच्या दारापर्यंत पोचवली, प्रत्येकाला आधी चहा पाजून, माझ्या नावावर. वही बघितली. गिऱ्हाइकांचे सहा चहा. त्यांच्या वर एकतीस, ते URL चा विचार करताना मी प्यायलेले.
वेबसाइट चालू झाली काय, त्यानं विचारलं. झाली म्हटलं.
“न्हाय चालली तर धाडा हिकडं.”
सदतीस चहाचे पैसे दिले. सुटे परत घेतले नाहीत.