कॅमेऱ्यात न येणारे पाय

प्रिय ओतिलिया,

कागद बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या टॅबवर पाठवलेलं सगळं तुझा लेक रिगोबेर्तो सान्तियागोत बसून वाचतो, आणि फोन केला तर तू "सगळं छान" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे गॅसवाल्याच्या हाती धाडतेय. तो तसाही तुझ्या दारापर्यंत सिलिंडर घेऊन चढतोच.

आधी मनातलं ओकून टाकते. मला त्या व्यायामवाल्या यास्नाची किळस येते. रोज सकाळी तोंडातला पाव गिळायच्या आत ती पडद्यावर उगवते, दात काढते आणि म्हणते, "चला माझ्या गोड आज्यांनो, आज आपले पाय काय म्हणतायत?" माझे पाय काय म्हणतात ते ऐकलं तर पोरगी नोकरी सोडून पळेल. खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा, परत उठा. उठलं की टाळ्या आणि रंगीत फुगे. मुलं वाढवली, नवरा पुरला, तेव्हा कुणी फुगे सोडले नाहीत. आता ढुंगण खुर्चीवरून उचललं म्हणून सोडतात. वर आपलीच थोबाडं त्या चौकोनांत बघायची. मी हात वर करते आणि दंडाखालचं कातडं मागाहून हलतं. शी, पिसं काढलेली कोंबडी बरी. आणि संपल्यावर तो टॅब विचारणार, आज अंडं खाल्लं का, घेवडा खाल्ला का. माझ्या सासूनंसुद्धा माझ्या ताटात इतकं नाक खुपसलं नव्हतं.

तुझ्याकडे तर याहून घाणेरडा प्रकार. तू किती वेळा उठलीस ते टॅब मोजतो, आणि रिगोनं ते आकडे स्वतःच्या फोनवर घेतलेत. आकडा घसरला की आईला टेकडीवरून उचलायचं आणि आपल्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं, असं त्यानं मला तोंडावर सांगितलंय. ती मागची खोली मी पाहिलीय गं. खिडकी उघडली की मोटारी लावायची जागा. समुद्र नाही, बोलायला माणूस नाही, सून दिवसभर बाहेर. दुसऱ्या गावात बसून आईच्या मांड्या मोजणारा मुलगा! मोजायला वेळ आहे, यायला नाही. तुला घर सोडायचं नाही, हे मला सांगायची गरज नाही. लग्न झाल्यावर ते घर तू आणि वाल्दोनं पत्रा पत्रा जोडून उभं केलंत.

पण आता माझं ऐक. मला तुझीही किळस आलीय. तू उठत नाहीस, ओतिलिया. तुझ्या मागच्या भिंतीवर वाल्दोचा होडीवरचा फोटो आहे. तू खुर्चीतून उठलीस तर तो झाकला जायला हवा. पण वाल्दो आख्खा वर्ग संपेपर्यंत माझ्याकडे बघत असतो. तू नुसती कमरेतून वाकतेस, मान पुढे घालतेस आणि परत मागे घेतेस. यंत्राला डोकं हललेलं दिसतं आणि ते मोजतं. यास्ना म्हणते, "वा ओतिलिया, पंधरवड्यात काय प्रगती!" आणि तू लाजून हसतेस. ते हसणं बघून मी टॅब पालथा घातला. पडद्याखाली तुझे पाय कुणालाच दिसत नाहीत. रिगोला फसवलंस त्याचं मला काही नाही, मी तुला आणखी युक्त्या सुचवल्या असत्या. पण मांड्यांना कसं फसवणार? मला पहिल्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा याच पायांनी तू मला अर्धी टेकडी खाली उतरवलंस, मी तुझ्या गळ्यात आणि शिव्या तुझ्या तोंडात.

सांगताना जीभ जड होते, पण त्या फुगेवालीचं औषध लागू पडतंय. परवा न्हाणीघरात कपड्यांचा चिमटा पडला, तो उचलायला मी खाली बसले आणि नळाला न धरता उभी राहिले. स्वतःलाच शिवी दिली, इतकं बरं वाटलं. टेकडीवर माणसं वर-खाली नेणारी लिफ्टगाडी बंद पडल्यापासून तू खाली आली नाहीस आणि मी वर आले नाही. दोघी एकमेकींना चौकोनात बघतो आणि त्याला भेट म्हणतो. याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

तर हे पत्र कशासाठी ते सांगते. गुरुवारी मी येतेय, पायऱ्यांनी. मधे बसेन, शिव्या देईन, पण येईन. खुर्ची भिंतीशी लावू आणि तू माझा हात धरून उठशील, रोज, कॅमेरा बंद करून. आकडे खरे होईपर्यंत रिगोला मी काही बोलणार नाही. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहे. ती मी आणणार नाही. मी दार वाजवीन आणि बाहेर थांबेन. तुला कितीही वेळ लागू दे. भिंत धर, टेबल धर, रांगत ये, पण दार तू उघडायचंस.

तुझीच, शिव्यांसकट,
ग्रिसेल्दा